नऊ संघ, आठ विजय : २०२१ च्या बिग टेनचा निवाडा पुन्हा तपासताना

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये कोणती कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांच्या संघांचा कोणता गट, अधिक बलवान, हा वाद नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो, आणि मार्चमध्ये एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची बाद पद्धतीची स्पर्धा सुरू झाली की तीन आठवड्यांत त्याचा निकाल लागला असे बहुतेक जण धरून चालतात. ज्या कॉन्फरन्सचे संघ पुढे गेले ती श्रेष्ठ, आणि ज्यांचे संघ लवकर गारद झाले त्या कॉन्फरन्सला वर्षभर उगाच डोक्यावर घेतले होते, असा हा सरळ हिशेब आहे. तो कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी २०२१ च्या स्पर्धेतील बिग टेन आणि पॅक-१२ या दोन कॉन्फरन्सचे प्रकरण मी निवडले आहे. त्या वर्षी हा हिशेब जितक्या ठामपणे मांडला गेला तितका क्वचितच मांडला गेला असेल. तो अंशतः बरोबरही होता, आणि म्हणूनच त्यातला चुकीचा भाग वेगळा काढणे मला महत्त्वाचे वाटते.

हा केवळ चाहत्यांच्या अभिमानाचा प्रश्न नाही. अंतिम सामना वगळता स्पर्धेतील प्रत्येक सामन्यातील सहभागाबद्दल संघाच्या कॉन्फरन्सच्या नावावर एक ‘युनिट’ जमा होते आणि त्याचे पैसे पुढील सहा वर्षे मिळत राहतात. २०२१ च्या सुमारास एका युनिटची सहा वर्षांची एकूण किंमत जवळपास २० लाख डॉलर होती. शिवाय कॉन्फरन्सबद्दल जे मत बनते, त्याचा परिणाम खेळाडूंच्या निवडीवर, प्रशिक्षकांच्या नोकऱ्यांवर आणि दूरचित्रवाणीच्या करारांवर होतो.

स्पर्धेपूर्वीची स्थिती

बिग टेनमध्ये त्या वेळी १४ विद्यापीठे होती आणि त्यांपैकी नऊ संघांना ६८ संघांच्या स्पर्धेत प्रवेश मिळाला. स्पर्धेच्या चार विभागांपैकी प्रत्येकात संघांना १ ते १६ अशी मानांकने दिली जातात. मिशिगन आणि इलिनॉय यांना आपापल्या विभागात पहिले मानांकन मिळाले, ओहायो स्टेट आणि आयोवा यांना दुसरे, पर्ड्यूला चौथे, विस्कॉन्सिनला नववे, रटगर्स आणि मेरीलँड यांना दहावे, तर मिशिगन स्टेटला अकरावे मानांकन मिळून प्राथमिक फेरीतून, म्हणजे ‘फर्स्ट फोर’मधून, मुख्य स्पर्धेत यायचे होते. पहिल्या आठ मानांकनांपैकी चार एकाच कॉन्फरन्सकडे जाणे ही साधी गोष्ट नव्हती. बास्केटबॉलचे आकडेवारी-विश्लेषक केन पोमरॉय यांच्या संख्यात्मक क्रमवारीतही बिग टेन सर्व कॉन्फरन्समध्ये अव्वल होती.

पॅक-१२ ची स्थिती अगदी उलट होती. तिच्या पाच संघांना प्रवेश मिळाला होता आणि त्यांतील एकालाही पहिल्या चारांतले मानांकन नव्हते. कोलोराडो पाचवा, यूएससी सहावा, ओरेगन सातवा, यूसीएलए अकरावा आणि फर्स्ट फोरमध्ये, तर ओरेगन स्टेट बारावा. यांपैकी ओरेगन स्टेटला हंगामापूर्वीच्या अंदाजात कॉन्फरन्समध्ये सर्वांत शेवटचे स्थान दिले गेले होते. कॉन्फरन्सच्या स्वतःच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी कोलोराडोला ७०-६८ असे हरवले नसते, तर त्यांना एनसीएए स्पर्धेत जागाच मिळाली नसती. ॲरिझोनाने त्या वर्षी हंगामोत्तर स्पर्धांतून स्वतःहून माघार घेतली होती, त्यामुळे कॉन्फरन्सचे ते बडे नाव या हिशेबात कुठेच नव्हते.

तीन आठवड्यांत काय घडले

महामारीमुळे संपूर्ण स्पर्धा इंडियाना राज्यातच खेळवली गेली. १८ मार्चच्या रात्री पर्ड्यू विद्यापीठाच्या मॅकी अरीनामध्ये यूसीएलएने मिशिगन स्टेटला जादा वेळेत ८६-८० असे हरवले. दुसऱ्याच दिवशी त्याच सभागृहात पंधराव्या मानांकित ओरल रॉबर्ट्सने ओहायो स्टेटला जादा वेळेत ७५-७२ असा धक्का दिला, आणि त्या रात्री तेराव्या मानांकित नॉर्थ टेक्ससने पर्ड्यूलाही जादा वेळेतच ७८-६९ असे घरी पाठवले. रविवारी इलिनॉय संघ लॉयोला शिकागोकडून ५८-७१ असा हरला. सोमवारी आयोवाला ओरेगनने ९५-८० असे नमवले. आयोवाच्या लुका गार्झाने ३६ गुण केले, तरी संघाचा बचाव कोलमडला होता. विस्कॉन्सिन, रटगर्स आणि मेरीलँड यांनी एकेक सामना जिंकला आणि दुसऱ्या फेरीत ते अनुक्रमे बेलर, ह्यूस्टन आणि अलाबामा यांच्याकडून हरले. शेवटच्या सोळांत नऊपैकी एकटा मिशिगन उरला. तोही ३० मार्चला उपांत्यपूर्व सामन्यात यूसीएलएकडून ४९-५१ असा हरला.

पॅक-१२ च्या पाचांपैकी चार संघ शेवटच्या सोळांत पोहोचले, तीन शेवटच्या आठांत. यूएससीने कॅन्ससला ८५-५१ असे अक्षरशः धुऊन काढले. ओरेगन स्टेटने टेनेसी, ओक्लाहोमा स्टेट आणि लॉयोला यांना ओळीने हरवले. यूसीएलए फर्स्ट फोरमधून उपांत्य फेरीपर्यंत पोहोचणारा इतिहासातील दुसरा संघ ठरला. याआधी २०११ मध्ये व्हीसीयूने ते केले होते. उपांत्य सामन्यात अपराजित गॉन्झागाने त्यांना जादा वेळेत ९३-९० असे हरवले, तेही जेलन सग्सने शेवटच्या क्षणी दुरून टाकलेल्या बास्केटमुळे.

कागदावर हिशेब असा राहिला : बिग टेन ८ विजय आणि ९ पराभव, पॅक-१२ १३ विजय आणि ५ पराभव. दोन्ही कॉन्फरन्सचे संघ स्पर्धेत तीनदा समोरासमोर आले आणि तिन्ही वेळा पॅक-१२ जिंकली. यानंतर बिग टेनची फुशारकी पोकळ होती असा निष्कर्ष निघाला, तर त्यात नवल नाही.

विजय-पराभवांच्या आकड्यात काय दडते

विजय-पराभवांचे प्रमाण कॉन्फरन्स मोजायला फार अपुरे माप आहे, कारण ज्या कॉन्फरन्सला जास्त जागा मिळतात तिचे सातवे, आठवे आणि नववे संघही मोजणीत येतात. नवव्या-दहाव्या मानांकनाच्या संघांकडून एखाददुसऱ्या विजयापलीकडे कोणाचीच अपेक्षा नसते. विस्कॉन्सिन, रटगर्स आणि मेरीलँड यांनी पहिल्या फेरीत वरच्या मानांकनाच्या संघांना हरवले. ते आपल्या वाट्याचे काम चोख करून गेले, पण सरसकट मोजणीत त्यांचे तीन पराभव बिग टेनच्या नावे लागले. अशा मोजणीत खालचे संघ स्पर्धेत आणल्याबद्दलच कॉन्फरन्सला दंड होतो.

यापेक्षा रास्त माप म्हणजे मानांकनानुसार अपेक्षित विजय. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाली, तेव्हापासूनचा अनुभव असा की पहिल्या मानांकनाचा संघ सरासरीने सुमारे ३.३ सामने जिंकतो आणि दुसऱ्या मानांकनाचा सुमारे २.३, त्यानंतर हा आकडा उतरत जातो आणि नवव्या-दहाव्या मानांकनाला एकापेक्षाही कमी राहतो. या ढोबळ मापाने बिग टेनच्या नऊ संघांकडून १५ च्या आसपास विजय अपेक्षित होते, मिळाले आठ. पॅक-१२ कडून चार-साडेचार अपेक्षित होते, मिळाले तेरा. म्हणजे मोजणी रास्त केली तरी निवाडा बदलत नाही. बिग टेनच्या बाजूने बोलणाऱ्या अनेकांनी ‘आमचे संघच जास्त होते’ एवढे सांगून विषय संपवला, पण जवळपास सात विजयांची तूट तेवढ्याने भरून निघत नाही.

पण या मापातही दोन छिद्रे आहेत. पहिले म्हणजे मानांकन हे निवड समितीचे मत असते, संघाच्या ताकदीचे वजन नव्हे. इलिनॉयला हरवणारा लॉयोला आठवा मानांकित होता, परंतु संख्यात्मक क्रमवाऱ्यांत तो देशातील पहिल्या दहांच्या आसपास होता. लहान कॉन्फरन्समधून आल्यामुळे समितीने त्याला खाली ठेवले आणि त्याचा भुर्दंड इलिनॉयला दुसऱ्याच फेरीत भरावा लागला. लॉयोलाच्या कॅमेरॉन क्रुटविगने त्या दिवशी १९ गुण आणि १२ रिबाउंड (चुकलेल्या फेकीनंतर मिळवलेले चेंडू) मिळवले, आणि इलिनॉयचा संघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पिछाडीवरच खेळत राहिला. हा पराभव खरा होता, निर्विवाद होता; पण त्याला आठव्या मानांकिताकडून झालेली नामुष्की म्हणणे हे समितीची चूक इलिनॉयच्या माथी मारण्यासारखे आहे.

दुसरे छिद्र मोठे आहे. विजयांच्या मोजणीत एका गुणाचा पराभव आणि तीस गुणांचा पराभव सारखाच धरला जातो. म्हणून मी दोन्ही कॉन्फरन्सच्या सर्व सामन्यांतील गुणफरकांची बेरीज केली. बिग टेनच्या १७ सामन्यांची बेरीज अधिक ३६ येते. नऊ सामने हरलेल्या कॉन्फरन्सने एकूण गुण प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त केले होते! तिचे नऊ पराभव एकेक करून पाहिले की कारण कळते : तीन जादा वेळेतले, आणखी एक दोन गुणांचा, आणि आणखी एक तीन गुणांचा. नऊपैकी पाच सामने असे होते की एखादा फ्री थ्रो किंवा एखादी तीन गुणांची फेक इकडची तिकडे झाली असती, तर निकाल फिरला असता. मिशिगनच्या शेवटच्या सामन्यात हे अगदी स्पष्ट दिसते. त्यांचा महत्त्वाचा खेळाडू आयझेया लिव्हर्स पायाच्या दुखापतीमुळे बाहेर होता, फ्रान्झ वॅगनरच्या दहा प्रयत्नांपैकी एकच यशस्वी झाला, यूसीएलएच्या ५१ पैकी २८ गुण एकट्या जॉनी जुझांगने केले, आणि तरीही शेवटच्या सेकंदांत मिशिगनच्या हाती सामना जिंकून देणारी फेक होती. ती चुकली.

इथे थांबणे मात्र बिग टेनला झुकते माप देणे होईल. अधिक ३६ मध्ये ड्रेक्सेल, टेक्सस सदर्न आणि ग्रँड कॅन्यन या तळाच्या मानांकनाच्या संघांवरील तीन विजयांतून ५७ गुण आले आहेत. ते वगळले तर उरलेल्या १४ सामन्यांची बेरीज उणे २१ होते, म्हणजे दर सामन्यामागे दीड गुणाची पिछाडी. देशातील सर्वांत बलवान कॉन्फरन्सचे सर्वोत्तम संघ म्हणून हे काही भूषणावह नाही. पण दीड गुणाची पिछाडी ही बरोबरीच्या लढतींची खूण आहे. कोसळलेल्या कॉन्फरन्सचा आकडा असा नसतो.

पॅक-१२ चे गणित आणखी बोलके आहे. यूएससी आणि ओरेगन यांचा आपसातला सामना बाजूला ठेवला तर इतरांविरुद्धच्या १६ सामन्यांत तिची बेरीज अधिक १२२ येते, म्हणजे दर सामन्यामागे साडेसात गुणांहून अधिक, आणि पंधराव्या किंवा सोळाव्या मानांकनाचा एकही सोपा प्रतिस्पर्धी नसताना. या कॉन्फरन्सचे यश नशिबाचे होते, असे म्हणणाऱ्यांना हा आकडा उत्तर देतो. मला या संपूर्ण प्रकरणातली ही सर्वांत ठोस गोष्ट वाटते : पॅक-१२ च्या कौतुकाला गुणफरकाचा भक्कम आधार होता, बिग टेनच्या निंदेला मात्र अर्धाच होता. एका बाजूचे यश आणि दुसऱ्या बाजूचे अपयश हे एकाच पुराव्याचे दोन भाग असल्यासारखे मांडले गेले. प्रत्यक्षात ते तसे नव्हते.

एकाच सामन्यावर किती भार

मॅकी अरीनातल्या त्या पहिल्या रात्रीकडे पुन्हा वळायला हवे. मध्यंतराला मिशिगन स्टेट ४४-३३ असा आघाडीवर होता. तो सामना त्यांनी राखला असता, तर यूसीएलए एकही विजय न मिळवता घरी गेला असता. पॅक-१२ च्या १३ विजयांतील पाच तिथेच पुसले गेले असते, उपांत्य फेरीत तिचा एकही संघ दिसला नसता, आणि मिशिगनपुढे उपांत्यपूर्व फेरीत दुसराच कोणी असता. यूसीएलएने ती पिछाडी स्वतःच्या खेळाने भरून काढली, त्यामुळे त्याचे श्रेय त्यांचेच आहे. पण दोन कॉन्फरन्सबद्दलचे राष्ट्रीय मत एका सामन्याच्या उत्तरार्धावर इतके टांगलेले असेल, तर त्या मताला कॉन्फरन्सचे मोजमाप म्हणणे धाडसाचे आहे. याच यूसीएलएला डिसेंबर २०२० मध्ये क्लीव्हलँडमध्ये ओहायो स्टेटने ७७-७० असे हरवले होते. मार्चमध्ये तो सामना कोणाच्या लक्षातही नव्हता.

इथे बिग १२ चे उदाहरण घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या कॉन्फरन्सचे सात संघ स्पर्धेत होते आणि त्यांतील पाचांना पहिल्या चारांतले मानांकन होते. शेवटच्या सोळांत त्यांचाही एकच संघ पोहोचला. टेक्सस हा तिसरा मानांकित संघ अबिलीन ख्रिश्चनकडून पहिल्याच फेरीत हरला, आणि कॅन्सस व ओक्लाहोमा स्टेट यांना तर पॅक-१२ च्याच संघांनी बाद केले. बेलर सोडल्यास उरलेल्या सहा संघांचा हिशेब पाच विजय आणि सहा पराभव असा होता. पण बेलरने ५ एप्रिलला गॉन्झागाला ८६-७० असे हरवून विजेतेपद पटकावले, आणि बिग १२ च्या एकूण ताकदीबद्दल कोणी प्रश्न विचारला नाही. एका संघाच्या झळाळीने सहा संघांची निराशा झाकली गेली. बिग टेनचा मिशिगन दोन गुणांनी कमी पडला म्हणून तिच्या वाट्याला हे आले नाही.

मग ताकद कुठे मोजायची

कॉन्फरन्सची ताकद म्हणजे तिच्या सर्व संघांची ताकद, आणि ती मोजण्याची खरी जागा म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमधील कॉन्फरन्सबाहेरचे सामने. एनसीएए स्पर्धा बिग टेनच्या तळाच्या पाच संघांबद्दल काहीच सांगत नाही आणि पॅक-१२ च्या सात संघांबद्दलही काही सांगत नाही. त्या सातांत वॉशिंग्टन होता, ज्याने त्या हंगामात ५ सामने जिंकले आणि २१ गमावले. जानेवारीनंतर सगळे संघ आपसातच खेळतात. आपसातल्या सामन्यांत एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याचा पराभव, त्यामुळे कॉन्फरन्सची एकूण पत त्यातून वाढतही नाही आणि घटतही नाही. डिसेंबरअखेर जे ठरले तेच पुढे फिरत राहते : वर ठरलेल्या कॉन्फरन्समधला प्रत्येक विजय बड्या संघावरचा विजय म्हणून नोंदला जातो आणि हरणाऱ्यालाही फारसा फटका बसत नाही.

२०२०-२१ च्या हंगामाची अडचण नेमकी इथे होती. महामारीमुळे हंगाम २५ नोव्हेंबरला उशिरा सुरू झाला, सामन्यांची कमाल मर्यादा २७ करण्यात आली, आणि जिथे एरवी बिग टेनचा संघ कॉन्फरन्सबाहेर अकराच्या आसपास सामने खेळतो, तिथे अनेकांना त्याच्या निम्म्याच्या आसपासच खेळता आले. ज्या थोड्या सामन्यांवर बिग टेनचा लौकिक उभा राहिला त्यांत इलिनॉय आणि मिशिगन स्टेट यांनी ड्यूकवर मिळवलेले विजय होते. पुढे ड्यूकचा हंगाम १३ विजय आणि ११ पराभवांवर संपला आणि १९९५ नंतर प्रथमच तो संघ एनसीएए स्पर्धेबाहेर राहिला. क्रमवारीचे सूत्र अशा घसरणीची दखल घेते, पण मूळ पुरावाच अपुरा असेल तर सूत्र तरी किती सावरणार?

म्हणून माझे मत असे आहे की एरवी स्पर्धेच्या निकालांना जितके कमी वजन द्यावे, त्यापेक्षा २०२१ मध्ये ते जास्त द्यायला हवे. इतर वर्षी डिसेंबरपर्यंत शंभराहून अधिक सामन्यांचा पुरावा हाती असतो आणि मार्चमधले सतरा सामने त्याला फारसे हलवू शकत नाहीत. त्या वर्षी मात्र पश्चिम किनाऱ्यावरील संघ इतरांशी पुरेसे खेळलेच नव्हते, आणि मार्चमधल्या लढतींतून प्रथमच नवी माहिती मिळाली. तिच्या आधारे बिग टेनचा पहिला क्रमांक शंकास्पद ठरतो आणि पॅक-१२ चा क्रमांक निश्चितपणे वर सरकतो. बिग टेन सामान्य दर्जाची होती, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

पुढच्या वर्षी पुरावा पुन्हा मुबलक झाला. २०२१-२२ मध्ये ओरेगन स्टेटने ३ सामने जिंकले आणि २८ गमावले. पॅक-१२ चे तीनच संघ एनसीएए स्पर्धेत आले आणि एकही उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला नाही. बिग टेनचे पुन्हा नऊ संघ आले, दोन शेवटच्या सोळांत गेले आणि तिथेच थांबले. २०२३ मध्ये तिच्या आठ संघांपैकी एकच शेवटच्या सोळांत होता. एका वर्षाचे अपयश निसटत्या पराभवांवर टाकता येते; सलग तीन वर्षांचे तसे टाकता येत नाही, आणि तिथे माझाही बिग टेनवरचा विश्वास काहीसा डळमळतो. तरीही या तीन वर्षांतले सर्वांत गाजलेले धक्के एकाच विद्यापीठाचे आहेत : पर्ड्यू २०२१ मध्ये तेराव्या, २०२२ मध्ये पंधराव्या आणि २०२३ मध्ये सोळाव्या मानांकिताकडून हरला, आणि २०२४ मध्ये थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला.

लांब पल्ल्याचा हिशेब मांडताना आणखी एक गुंता आहे. २००० मध्ये मिशिगन स्टेट विजेता ठरला, त्यानंतर २०२१ पर्यंत बिग टेनकडे विजेतेपद आले नाही, हे तिच्या टीकाकारांचे आवडते वाक्य आहे. त्या काळात तिचे संघ सात वेळा अंतिम सामन्यात हरले, हे त्यासोबत क्वचितच सांगितले जाते. मेरीलँडने २००२ मध्ये विजेतेपद मिळवले, पण तेव्हा ते विद्यापीठ दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये होते. आणि २०२१ मध्ये बिग टेनला खाली ओढणारे यूसीएलए, यूएससी आणि ओरेगन हे तिन्ही २०२४ पासून बिग टेनचेच सदस्य आहेत, कोलोराडो बिग १२ मध्ये गेले आहे आणि ओरेगन स्टेट पॅक-१२ मध्येच मागे राहिले आहे. यूसीएलएचे २०२१ मधले पाच विजय आता बिग टेनच्या परंपरेत मोजायचे की नाही, यावर माझे उत्तर नाही असे आहे : ज्या १४ संघांनी त्या हिवाळ्यात एकमेकांविरुद्ध खेळून आपली क्रमवारी घडवली, त्यांच्याच नावे त्या मार्चचे आठ विजय आणि नऊ पराभव राहायला हवेत.